एर्मेलोचे रिकामे वर्ग

दक्षिण आफ्रिकेत शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. २००७ च्या जानेवारीत म्पुमालांगा प्रांतातल्या एर्मेलो गावात आठवीच्या ११३ मुलांना कुठेही जागा मिळेना. आठवी म्हणजे तिथे हायस्कूलचं पहिलं वर्ष. मुलं कृष्णवर्णीय, माध्यम हवं इंग्रजी, आणि गावातल्या बाकीच्या हायस्कुलांचे पट आधीच ओसंडलेले. त्याच गावातल्या एका सरकारी हायस्कुलात मात्र वर्गखोल्या रिकाम्या होत्या. शाळेचं नाव हूअरस्कूल एर्मेलो. एके काळी फक्त गोऱ्यांची, आफ्रिकान्स (तिथल्या डच वसाहतवाल्यांच्या बोलीतून घडलेली भाषा) माध्यमाची, पटसंख्या वर्षागणिक उतरत चाललेली. शाळेचं म्हणणं असं की आम्ही रंग बघून प्रवेश देत नाही, कुणीही यावं. फक्त इथे शिकवतात ते आफ्रिकान्समधून.

या मुलांना घ्या, असं प्रांताच्या शिक्षण विभागाने कळवलं. शाळेच्या नियामक मंडळाने इंग्रजीतून शिकवायला नकार दिला. मग विभागप्रमुखांनी मंडळाचा माध्यम ठरवण्याचा अधिकारच काढून घेतला, एक अंतरिम समिती नेमली, आणि त्या समितीने हां हां म्हणता शाळा दुमाध्यमी करून टाकली. मंडळ कोर्टात गेलं. दरम्यान मुलांची सोय लागली ती एका वापरात नसलेल्या लाँड्रीत. तेव्हा वर्ग रिकामे आणि मुलं लाँड्रीत, अशी अवस्था.

याकडे गोऱ्या-काळ्यांचं आणखी एक भांडण म्हणून बघितलं तर फार थोडं हाती लागतं. वर्णभेदाची राजवट जाऊन तेव्हा तेरा वर्षं होत आली होती. वंशाचं नाव घेऊन प्रवेश नाकारणं कायद्याने शक्यच नव्हतं. दोन्ही पक्ष एकाच कायद्याची कलमं वाचून दाखवत होते, आणि तो कायदा मंडेलांच्या सरकारने स्वतः केलेला होता: १९९६ चा दक्षिण आफ्रिकी शाळा कायदा. माझ्या मते त्या देशाच्या शालेय सुधारणेची सगळी मेख त्या कायद्यातल्या दोन अधिकारांत आहे. शाळेने फी घ्यायची की नाही हे कुणी ठरवायचं, आणि शाळेचं माध्यम व प्रवेशाचं धोरण कुणी ठरवायचं. दोन्हींचं उत्तर कायद्याने एकच दिलं: पालकांनी. हे उत्तर का दिलं गेलं आणि त्यातून काय निघालं, ते बघण्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

एकोणीस खाती

१९५३ चा बांटू (म्हणजे कृष्णवर्णीयांच्या) शिक्षणाचा कायदा हा या गोष्टीचा पाया. ज्याला गणित व्यवहारात वापरताच येणार नाही अशा बांटू मुलाला ते शिकवून उपयोग काय, असा सवाल तेव्हाचे मंत्री हेन्ड्रिक फेरवूर्ड यांनी संसदेत उघडपणे केला होता. जीभ घसरून निघालेलं वाक्य नव्हतं ते, तेच सरकारी धोरण होतं. कृष्णवर्णीयांना बरं शिक्षण देणाऱ्या मिशनऱ्यांच्या शाळांचं अनुदान तोडलं गेलं. काही सरकारने ताब्यात घेतल्या, काही बंद पडल्या. पैशाचा नळही आवळला. सर्वसाधारण महसुलातून कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाला वर्षाला ६५ लाख पौंड, पुढे चलन बदलल्यावर १ कोटी ३० लाख रँड, एवढंच मिळणार. वर लागेल ते त्यांच्याच करातून. मुलं वाढत गेली, रक्कम जिथल्या तिथे. १९७० चं दशक उजाडेपर्यंत हे चाललं. दोन पाळ्यांच्या शाळा, कोंबलेले वर्ग आणि स्वतःच अर्धवट शिकलेले शिक्षक हा त्या गोठवलेल्या आकड्याचा हिशेब.

१९६३ मध्ये 'कलर्ड', म्हणजे मिश्रवंशीय, मुलांसाठी आणि १९६५ मध्ये भारतीय मुलांसाठी वेगळे कायदे झाले. रत्नागिरीकडून केपटाऊनला जाऊन वसलेल्या कोकणी मुसलमान कुटुंबांनाही या वर्गवारीतून सुटका नव्हती. भारतीय शाळा काळ्यांच्या शाळांपेक्षा बऱ्या आणि गोऱ्यांच्या शाळांपेक्षा खालच्या, अशी ती उतरंड मुद्दाम रचलेली होती. उतरंड म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

१६ जून १९७६ चा सोवेटोचा, म्हणजे जोहान्सबर्गजवळच्या काळ्या वस्तीतल्या शाळकरी मुलांचा, उठाव सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे इथे एकच गोष्ट. गणित आणि सामाजिक शास्त्रं आफ्रिकान्समधून शिकवायची, या सक्तीवरून तो पेटला होता. एर्मेलोचं भांडण तीस वर्षांनी पुन्हा आफ्रिकान्सवरूनच व्हावं, हे त्यामुळे साधं राहत नाही. गंमत अशी की दुसऱ्या बाजूलाही जखम आहे. बोअर युद्धानंतर ब्रिटिशांनी आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्यांच्या, म्हणजे बोअरांच्या, शाळांवर इंग्रजी लादली होती, आणि आपल्या भाषेची शाळा ही त्या समाजाने झगडून मिळवलेली वस्तू होती. ती भाषाही एकट्या गोऱ्यांची नाही. घरी आफ्रिकान्स बोलणारे कलर्ड लोक गोऱ्यांहून जास्त आहेत. हे सगळं खरं असलं तरी लाँड्रीतली मुलं लाँड्रीतच होती.

१९८० च्या दशकात 'आधी मुक्ती, मग शिक्षण' म्हणत काळ्या वस्त्यांतल्या शाळा ओस पडल्या. सरकारी निरीक्षक म्हणजे राजवटीचा हस्तक, म्हणून शिक्षकांनी त्यांना शाळेच्या दारातून परत पाठवायला सुरुवात केली. त्या काळात ते योग्यच होतं. पण शाळा वेळेवर भरणं आणि वर्गात कुणीतरी येऊन बघणं, या दोन सवयी तेव्हा ज्या मोडल्या त्या राजवट बदलली म्हणून आपोआप परत आल्या नाहीत.

एप्रिल १९९४ मध्ये नवं सरकार आलं तेव्हा देशात शिक्षणाची एकोणीस खाती होती: गोऱ्यांचं, कलर्डांचं, भारतीयांचं, शहरी काळ्यांचं, एकेका 'होमलँड'चं, म्हणजे काळ्यांसाठी वेगळ्या काढलेल्या प्रदेशाचं, वेगळं. गोऱ्या शाळेत एका मुलामागे वर्षाला ५,४०३ रँड खर्च होत होते, ट्रान्सकाय या होमलँडमधल्या काळ्या शाळेत १,०५३. नव्या शिक्षणमंत्र्यांपुढे, म्हणजे सिबुसिसो बेंगू यांच्यापुढे, पहिलं काम होतं या एकोणीस खात्यांतून एक राष्ट्रीय आणि नऊ प्रांतिक विभाग उभे करण्याचं. पगारपत्रकं, सेवापुस्तकं, परीक्षा मंडळं, सगळंच. या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही, पण आपल्याकडे एका जिल्हा परिषदेचं विभाजन करताना काय होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे दोन-तीन वर्षांत उरकलं याचं मोल कळेल.

मॉडेल सी

एर्मेलोच्या मंडळाकडे एवढी ताकद आली कुठून, याचं उत्तर मात्र १९९४ च्या आधीच्या चार वर्षांत आहे. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा हा सगळ्यात रंजक आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग.

१९९० मध्ये मंडेला सुटले. सत्ता जाणार हे गोऱ्या सरकारला दिसत होतं. त्याच वर्षी गोऱ्यांच्या शिक्षणाचे मंत्री पीट क्लासे यांनी शाळांपुढे पर्याय ठेवले. मॉडेल ए म्हणजे खासगी व्हा. मॉडेल बी म्हणजे सरकारी राहा, पण काही काळी मुलं घ्या. मॉडेल सी म्हणजे शिक्षकांचे पगार सरकार देईल, बाकी खर्च पालकांनी फीतून भागवायचा, आणि त्या बदल्यात प्रवेशापासून कारभारापर्यंत सगळं पालकांच्या मंडळाच्या हाती. गोरी मुलं बहुसंख्य राहिली पाहिजेत ही अट सुरुवातीला होतीच. पालकांनी कशाला मत द्यावं? बहुतेक शाळांनी काहीच बदलू नये असंच ठरवलं. तेव्हा १९९२ मध्ये सरकारने उलट फिरवलं: पालकांनी मोठ्या बहुमताने विरोध केला नाही तर प्रत्येक शाळा मॉडेल सी होणार. झाल्याही. शाळेची मालमत्ता, म्हणजे मैदानं, पोहण्याचे तलाव, प्रयोगशाळा, मंडळांच्या नावावर गेली.

वाटणी होण्याआधी बापाने शेत थोरल्याच्या नावे करून ठेवावं, तसंच हे. नवं सरकार आलं तेव्हा देशातल्या सगळ्यात चांगल्या सरकारी शाळा जवळपास खासगी हातात होत्या. भरीला अंतरिम राज्यघटनेच्या २४७ व्या कलमात असं लिहून घेतलेलं होतं की या मंडळांचे अधिकार बदलायचे तर आधी त्यांच्याशी खऱ्या अर्थाने वाटाघाटी कराव्या लागतील. 'मॉडेल सी' हा शब्द कायद्यातून १९९६ मध्येच गेला. बोलण्यात मात्र तो आजही आहे. जोहान्सबर्गमध्ये एखाद्या कृष्णवर्णीय मुलाचं इंग्रजी नाकातून आणि सफाईदार आलं की लोक म्हणतात, 'मॉडेल सी दिसतोय.'

फीचा सौदा

१९९५ मध्ये हंटर समिती बसली: शाळांची मालकी, कारभार आणि पैसा यांचं काय करायचं? सरळ मार्ग दिसत होता. फी बंद, सगळ्यांना सारखं अनुदान, मंडळं बरखास्त. मुक्तिलढ्यातल्या बहुतेकांना तोच हवा होता, आणि घटनेच्या २९ व्या कलमातला मूलभूत शिक्षणाचा हक्क वाचला तर तोच सुचतो.

सरकारच्या परदेशी सल्लागारांनी दुसरी बाजू मांडली. गोऱ्यांच्या शाळांवरचा खर्च सगळ्या मुलांवर करायचा तर तेवढा पैसा तिजोरीत नाही. फी बंद केली तर त्या शाळांचा दर्जा खाली येईल, पैसेवाले पालक खासगी शाळांत निघून जातील, आणि ज्यांच्या शब्दाला वजन आहे तोच वर्ग सरकारी शाळेतून उठला तर सरकारी शाळांच्या बाजूने भांडणार कोण? त्यापेक्षा त्यांना फी घेऊ द्या. ते आपला खर्च आपण करतील आणि सरकारचा पैसा गरीब शाळांकडे वळवता येईल.

हा युक्तिवाद मला आजही पूर्णपणे खोडता येत नाही. आपल्या जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या शाळांतून मध्यमवर्ग उठून गेल्यावर काय झालं ते डोळ्यांसमोर असताना तर नाहीच.

नवा कायदा १ जानेवारी १९९७ पासून लागू झाला. वंशावरून प्रवेश नाकारणं बंद, छडी बंद, सात ते पंधरा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची. शाळांचे दोनच प्रकार, सरकारी आणि स्वतंत्र. प्रत्येक सरकारी शाळेला निवडून आलेलं नियामक मंडळ, त्यात पालकांचं बहुमत. ही आपल्याकडची शाळा व्यवस्थापन समिती समजू नये. आपल्या समितीत पालक पाऊणहिश्श्याने असतात, पण माध्यम, फी आणि शिक्षकांची निवड यांतलं काहीच त्यांच्या हातात नसतं. तिथल्या मंडळाकडे हे तिन्ही आलं. अंदाजपत्रकाच्या सभेला हजर पालकांनी बहुमताने ठराव केला की फी लागू.

गरिबांसाठी फी माफीचं सूत्र केलं. घरातल्या पालकांचं एकत्रित वार्षिक उत्पन्न फीच्या दहापटीपेक्षा कमी असेल तर पूर्ण माफी, दहा ते तीस पटींच्या दरम्यान असेल तर काही प्रमाणात. कागदावर हे सूत्र हुशार आहे, कारण शाळेची फी जितकी जास्त तितके जास्त पालक माफीला पात्र. फक्त माफ केलेल्या फीची भरपाई शाळेला सरकारकडून मिळत नव्हती. पुढे मिळू लागली तीही अगदी थोडी. म्हणजे गरीब मूल घेतलं की शाळेला खोट. मग मंडळं काय करणार? माफीची माहिती दारावर लावण्याची घाई कुणाला नव्हती. अर्ज मागायला आलेल्या आईला कोणत्या सुरात उत्तर द्यायचं, हे काही कायदा ठरवत नाही.

मोजणी एकदा करून बघावी. समजा, शहरातल्या एका जुन्या मॉडेल सी शाळेत ८०० मुलं आहेत आणि वर्षाची फी ३०,००० रँड. सगळ्यांनी भरली तर शाळेकडे २ कोटी ४० लाख रँड जमतात. त्यातून मंडळ स्वतःचे जादा शिक्षक नेमतं आणि वर्गात चाळीसच्या जागी पंचवीस मुलं बसतात. काळ्या वस्तीतल्या बिनफीच्या शाळेत तेवढीच ८०० मुलं धरा. वेतनेतर अनुदानाचा राष्ट्रीय दर २०२३ मध्ये मुलामागे १,६०२ रँड होता. म्हणजे १२ लाख ८१ हजार ६०० रँड. वीज, पाणी, वह्या-पुस्तकं, गळकं छप्पर, सगळं यातच. कायदा दोघांना एकच, मंडळही दोघांकडे. एका मंडळात चार्टर्ड अकाउंटंट आणि वकील बसतात. दुसऱ्यात बसणाऱ्या आजीला सभेला यायचं तर त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते.

सौद्याचा अर्धा भाग फळला, हेही नोंदवलं पाहिजे. गोरा मध्यमवर्ग मोठ्या प्रमाणात सरकारी शाळांतच राहिला, आणि नवा कृष्णवर्णीय मध्यमवर्ग त्यांच्या शेजारी येऊन बसला. सोवेटोहून उपनगरांतल्या शाळांत मुलं पोचवणाऱ्या मिनीबस टॅक्सी पहाटे अंधारात निघतात. अनेक जुन्या गोऱ्या शाळांत आज बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय आहेत. वंशाची भिंत इथे खरोखर पडली. ज्यांना फी परवडते त्यांच्यापुरती.

दुसरी चाळणी पत्त्याची. शाळेच्या परिसरातल्या मुलांना आधी प्रवेश, हा नियम ऐकायला निरुपद्रवी वाटतो. पण कोणी कुठे राहायचं हे १९५० च्या गट-क्षेत्र कायद्याने रंगावरून ठरवून टाकलेलं. तो कायदा १९९१ मध्ये गेला, घरं होती तिथेच राहिली.

अतिरिक्त शिक्षक आणि ६६ निष्पत्ती

पैशाचं समीकरण बदलायचं तर पगाराकडे वळणं भाग होतं, कारण खर्चाचा मोठा वाटा तोच. प्राथमिकला चाळीस मुलांमागे एक शिक्षक आणि माध्यमिकला पस्तीस, असं प्रमाण ठरलं. गोऱ्या शाळांतले शिक्षक एका झटक्यात अतिरिक्त ठरले. पुढचा शब्द मराठी शिक्षकांना पाठ आहे: समायोजन. त्यांनी काळ्या शाळांत जावं, नाहीतर रक्कम घेऊन स्वेच्छेने निवृत्त व्हावं. केपटाऊनच्या ग्रोव्ह प्राथमिक शाळेच्या पुढाकाराने काही शाळा कोर्टात गेल्या. अतिरिक्तांच्या यादीतूनच शिक्षक नेमा ही सक्ती १९९७ मध्ये कोर्टाने मोडून काढली. आणि रक्कम घेऊन गेलं कोण? ज्यांना बाहेर दुसरं काम मिळणार होतं ते. अनुभवी, गणित-विज्ञानाचे, बऱ्याच ठिकाणी मुख्याध्यापकसुद्धा. ज्या शाळांसाठी हा खटाटोप, तिथे त्यातले फारसे पोचले नाहीत.

यात आणखी एक पेच होता, तो पटकन लक्षात येत नाही. पगार शिक्षकाच्या पदवीवर आणि सेवेच्या वर्षांवर ठरतो. म्हणून शिक्षकांची संख्या दोन्ही शाळांत समान केली तरी ज्या शाळेत जास्त शिकलेले शिक्षक तिथे सरकारचा पैसा जास्त जातो. अशा शाळा कोणत्या, हे सांगायला नको.

याच धांदलीत अभ्यासक्रम आला. मार्च १९९७ मध्ये 'अभ्यासक्रम २००५' जाहीर झाला आणि १९९८ पासून पहिलीला लागू. जुन्या ख्रिस्ती-राष्ट्रवादी पोपटपंचीला उत्तर म्हणून निष्पत्तीवर आधारित शिक्षण, म्हणजे मुलाला काय सांगितलं यापेक्षा त्याला काय येतं यावर भर. हेतूला नाव ठेवता येणार नाही. पण शिक्षकाच्या हातात पडलं काय? आठ अध्ययनक्षेत्रं, ६६ विशिष्ट निष्पत्ती, त्यांच्याखाली मूल्यमापनाचे निकष, व्याप्तिविधानं, कामगिरीचे निर्देशक. पाठ्यपुस्तकावर विसंबू नका, साहित्य स्वतः तयार करा. प्रशिक्षण अवघं काही दिवसांचं, तेही मास्टर ट्रेनरने ट्रेनरला आणि ट्रेनरने शिक्षकाला अशा उतरत्या साखळीने. आपल्याकडे ज्यांनी ज्ञानरचनावादाच्या कार्यशाळांत चहा प्यायलाय त्यांना खोलीतलं वातावरण डोळ्यांसमोर येईल.

जिथे ग्रंथालय होतं, झेरॉक्स मशीन होतं, पंचविसांचा वर्ग होता, तिथे या अभ्यासक्रमातून छान प्रकल्प झाले. जिथे फळा आणि साठ मुलं एवढंच होतं तिथे गट करून बसलेली मुलं एकमेकांना विचारत राहिली. ज्या मुलांसाठी पाठ्यपुस्तक हे घरातलं एकमेव पुस्तक ठरलं असतं, नेमकं त्यांच्याच हातून ते गेलं. हे असंच होणार हा इशारा जोनाथन जान्सन या अभ्यासकाने अगदी सुरुवातीलाच दिला होता, आणि सुधारणेचा विरोधक म्हणून शेरे खाल्ले होते. २००० मध्ये दुसरे शिक्षणमंत्री कादर अस्माल यांनी लिंडा चिझम यांच्या अध्यक्षतेखाली फेरतपासणी समिती नेमली. अस्माल नाताळमधल्या स्टँगर गावचे, भारतीय वंशाचे, आयुष्याची बरीच वर्षं आयर्लंडमध्ये परागंदा राहिलेले. २००२ मध्ये सुटसुटीत आराखडा आला, आणि २०१२ पासून टप्प्याटप्प्याने 'कॅप्स' हा नेमका, आठवड्यागणिक आखून दिलेला अभ्यासक्रम. त्या वर्षी लिंपोपो प्रांतात नवी पुस्तकंच वेळेवर पोचली नाहीत, आणि ती पोचवा म्हणून सरकारला कोर्टाने आदेश द्यावा लागला.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. फीचा सौदा निदान नाइलाजाचा होता. अभ्यासक्रमाच्या घाईला असा कसलाही नाइलाज नव्हता. १९९९ च्या निवडणुकीआधी काहीतरी नवं दिसलं पाहिजे, याखेरीज.

पैसा पोचला, वाचन नाही

२००० च्या सुमारास शाळांचे गरिबीप्रमाणे पाच गट पाडले आणि वेतनेतर अनुदानातला मोठा वाटा खालच्या गटांना दिला. २००७ पासून गरीब शाळांत फी पूर्ण बंद झाली. नऊ दशलक्षांहून जास्त मुलांना शाळेत शिजवलेलं जेवण मिळतं. मंडेलांनी १९९४ मध्ये सुरू केलेली ही योजना माझ्या मते सगळ्या सुधारणांत सर्वांत कमी वादाची आणि सर्वांत पक्की. सरकारी खर्चातला रंगभेद खरंच संपला, इतका की आज सरकारचा मुलामागचा पैसा गरीब शाळांकडे थोडा झुकलेला आहे.

आणि तरीही २०१६ च्या 'पर्ल्स' या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत चौथीतल्या ७८ टक्के मुलांना वाचलेल्याचा अर्थ लागत नव्हता. करोनानंतर २०२१ मध्ये ८१ टक्के. यावर लगेच म्हटलं जातं की चौथीला इंग्रजी माध्यम सुरू होतं, मुलं तिथे अडखळतात. अडखळतात हे खरंच. पण ती चाचणी मुलं पहिली ते तिसरी ज्या भाषेत शिकली त्याच भाषेत घेतली होती. झुलूत शिकलेल्याला झुलूत. म्हणजे मातृभाषेतसुद्धा वाचायला शिकवलं गेलेलं नाही. १९५३ मध्ये गणित नाकारलेल्या मुलांपैकीच काहीजण शिक्षक झाले, त्यांचे विद्यार्थी पुढे शिक्षक झाले. अनुदान एका अध्यादेशाने सारखं होतं. या साखळीला तो लागू पडत नाही.

निक स्पॉल या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिलंय की वरच्या २०० हायस्कुलांतून गणित-विज्ञानात विशेष प्रावीण्य मिळवणारी मुलं उरलेल्या ६,६०० हायस्कुलांच्या बेरजेपेक्षा जास्त असतात. त्या दोनशेंतल्या बहुतेक फीच्या शाळा. बारावीचा निकाल १९९४ मध्ये ५८ टक्के होता, २०२४ मध्ये ८७.३. हा आकडा मंत्री दर जानेवारीत वाचून दाखवतात. वाटेत गळालेली मुलं त्यात मोजलेली नसतात.

इमारतींबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०१३ मध्ये नियम झाला की पाणी, वीज, शौचालय यांतलं जिथे काहीच नाही तिथे तीन वर्षांत ते झालं पाहिजे. दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१४ मध्ये, लिंपोपोतला एक पाच वर्षांचा मुलगा शाळेच्या खड्ड्याच्या संडासात पडून मेला. तीन वर्षांची मुदत २०१६ मध्ये संपली तेव्हा काम पुरं झालेलं नव्हतं.

पुन्हा एर्मेलो

आता लाँड्रीकडे. प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने २००७ मध्ये विभागाच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००९ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने तो फिरवला आणि मंडळ जिंकलं. १४ ऑक्टोबर २००९ ला घटनेच्या प्रश्नांत त्याच्याही वर असलेल्या घटना न्यायालयाचा निकाल आला, लिहिला होता न्यायमूर्ती दिकगांग मोसेनेके यांनी. मोसेनेके पंधराव्या वर्षी तुरुंगात गेले आणि रॉबेन बेटावरच्या तुरुंगात दहा वर्षं काढताना शिकले. शाळा मिळणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

निकालाची गंमत ही की दोघांनाही चपराक बसली. विभागाला सांगितलं की पुरेसं कारण असेल तर माध्यम ठरवण्याचा अधिकार काढून घेता येतो, पण तुम्ही वापरलेला मार्ग चुकीचा. काम करत असलेलं मंडळ बाजूला सारून रात्रीत अंतरिम समिती बसवता येत नाही. मंडळाला सांगितलं की माध्यम ठरवणं हा तुमचा अधिकार असला तरी शाळा तुमची नाही. फक्त आज शाळेत असलेल्या मुलांपुरता विचार करून चालणार नाही. गावात जागेअभावी बाहेर राहिलेली मुलंही त्या विचारात आली पाहिजेत. घटनेने हव्या त्या भाषेतून शिकण्याचा हक्क 'व्यवहारात शक्य असेल तिथे' दिला आहे, आणि शेजारी वर्ग रिकामे असतील तर शक्य काय नि अशक्य काय हे त्यावरूनच ठरतं. मंडळाने धोरणाचा फेरविचार करून कोर्टाला कळवावं, असा आदेश झाला. धोरण कोर्टाने स्वतः लिहिलं नाही.

हा निकाल मला पटतो, पण तो पुरेसा होता असं वाटत नाही. अधिकार मंडळाचाच राहिला आणि प्रत्येक वेळी विभागाने कारण दाखवायचं ठरलं. मग रिव्होनिया प्राथमिक शाळेत पहिलीच्या एका मुलीच्या जागेवरून वाद झाला, तोही २०१३ मध्ये घटना न्यायालयापर्यंत गेला. कोर्ट म्हणालं, शाळेची क्षमता किती यावर शेवटचा शब्द विभागाचा. पण वागणं न्याय्य हवं. प्रत्येक वादात जिंकणाऱ्याकडे चांगला वकील असावा लागत होता, आणि कोणत्या शाळांकडे वकील असतात ते वर आलंच आहे.

शेवटी 'बेला', म्हणजे शालेय शिक्षणाच्या कायद्यांत दुरुस्ती करणारा कायदा, आला. १३ सप्टेंबर २०२४ ला राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी सही केली. माध्यम आणि प्रवेशाची धोरणं मंडळाने करायची, पण मान्यता विभागप्रमुखाची. सत्तेतल्या आघाडीतल्या डेमोक्रॅटिक अलायन्स या पक्षाचा विरोध होता, आणि त्याच पक्षाच्या शिक्षणमंत्री सिविवे ग्वारुबे सहीच्या समारंभाला गेल्याच नाहीत. भाषा आणि प्रवेशाची कलमं तीन महिने थांबवून ठेवली होती, २४ डिसेंबरला तीही लागू झाली. १९९० मध्ये मॉडेल सीने पालकांना दिलेलं चौतीस वर्षांनी अर्धं परत घेतलं गेलं. भीती दोन्हीकडची खरी आहे. ज्या प्रांतांना संडास बांधता आले नाहीत, पुस्तकं पोचवता आली नाहीत, त्यांच्या हातात देशातल्या नीट चालणाऱ्या मोजक्या शाळांचं माध्यम द्यायचं का, असं आफ्रिकान्स पालक विचारतात, आणि हा प्रश्न केवळ वंशवादी म्हणून झटकता येत नाही. मला तरी कायदा बरोबर वाटतो. विभागाच्या कुवतीबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

त्याच कायद्याने पहिलीच्या आधीचं वर्ष, ग्रेड आर, सक्तीचं केलं. २००७ मध्ये एर्मेलोत आठवीला जागा शोधणारी मुलं घटना न्यायालयाचा निकाल आला तेव्हा दहावीच्या वर्षाअखेरीला असायला हवी होती. आज ती तिशीत आहेत. त्यांतल्या काहींची मुलं ग्रेड आरच्या वयाची असतील.